भिंगाखालचा ओरखडा

आमच्या इमारतीत जिन्यातला दिवा गेला की तो पोरांनी फोडलेला असतो, लिफ्ट अडकली की पोरांनी बटणं दाबलेली असतात आणि टाकी वाहिली की नळही पोरांनीच उघडा ठेवलेला असतो. लिफ्ट चेअरमनांपेक्षा म्हातारी आहे आणि टाकीतला पाणी अडवणारा चेंडू कधीच कुजून गेलाय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चेंडूवर डोळे वटारून काय मिळणार? म्हणून जिन्यात बसलेल्या पोरांवर वटारतात.

हे सगळं मी तळमजल्यावरून बघते. माझ्या धाकट्या भावाचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान इमारतीच्याच गाळ्यात आहे. गाळा इमारतीच्या मालकीचा, आम्ही भाडेकरू, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं घर. भाऊ कुलपं दुरुस्त करतो. मी किल्ल्या कापते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण भावाला बोलायचा भारी कंटाळा. कंटाळा मी म्हणते, खरं तर भीती. समोर इस्त्रीचा शर्ट दिसला की त्याची जीभ टाळूला चिकटते. फक्त एका विषयावर त्याला वाचा फुटायची, तो म्हणजे त्याची मुलगी.

मुलगी सोळा वर्षांची. दिवसभर तोंड चालू, म्हणून आम्ही तिला टकळी म्हणतो. डोक्याची एक बाजू भादरलेली, दुसऱ्या बाजूचे केस निळे. एका कानात गाणं, दुसऱ्या कानात आम्ही. पॅंट गुडघ्यावर फाटलेली, आणि तशीच विकत आणलेली, हे कळल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिची आई ती लहान असताना दुसरा संसार थाटून निघून गेली. इमारतीला ते पाठ आहे. टकळी जिन्यात मित्रांबरोबर खिदळली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी हमखास म्हणणार, ‘आईवर गेलीय.’

पण ह्याच पोरीला व्हाइसच्या पकडीत कुलूप लावून द्या, बघा. तिची टकळी बंद व्हायची. डोळे मिटून, मान जरा कलती करून ती आत काय चाललंय ते बोटांनी ऐकायची. करवतीची मोडकी पाती घासून घासून तिने किल्लीशिवाय कुलूप उघडायचे स्वतःचे आकडे बनवले होते, आणि ते ठेवायला मी तिला माझ्या जुन्या परकराच्या कापडाची गुंडाळी शिवून दिली होती. तिला पुढे काय व्हायचंय हे विचारायची सोयच नव्हती. दुकानाच्या पाटीवर ‘आणि कन्या’ असं लिहायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. अक्षरं कशी असावीत ह्यावर बापलेकीचं भांडणसुद्धा झालं होतं. बापाला लाल हवी होती.

आणि हा बाप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “माझी पोर कुलूप उघडते ना, कुलपालासुद्धा कळत नाही. ओरखडा म्हणून पडत नाही!”

हे खोटं होतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे की किल्लीशिवाय कुलूप उघडलं की आतल्या पितळी पिनांवर आकड्याचा ओरखडा पडतोच. किल्लीने पिना गुळगुळीत होतात, आकड्याने खरचटतात. डोळ्याला दिसत नाही, भिंगाखाली लख्ख दिसतं. पण बापाचं कौतुक ते. त्यात भिंग कोण घालतो? गिऱ्हाईक हसायचं, टकळी लाजून बापाला कोपराने ढोसायची आणि मी म्हणायचे, पुरे झालं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बांगड्या गेल्या.

काकू लेकीकडे राहून परत आल्या तर कपाटातल्या सोन्याच्या बांगड्या नाहीत. दाराचं कुलूप जागच्या जागी, कडी शाबूत, खिडक्या बंद. काकूंनी हंबरडा फोडला तो तळमजल्यापर्यंत ऐकू आला. बाकीची इमारत वर धावली, आणि थोड्या वेळाने तीच इमारत खाली आमच्या दुकानाकडे बघायला लागली. लोक नुसते येऊन उभे राहायचे, टकळीच्या केसांकडे बघायचे आणि किल्ली न कापताच परत जायचे.

भावाने त्या दिवशी मला थक्क केलं. कुणी न सांगता तो वर गेला, काकूंच्या दाराच्या कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो गाभा, काढून घेऊन आला, पांढऱ्या कागदावर एकेक पिन मांडली आणि डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देव पावला.

“ताई, एकही ओरखडा नाही,” तो म्हणाला. “हे कुलूप किल्लीनेच उघडलंय. बाहेरच्या कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. चेअरमन बॅंकेतून निवृत्त झालेले आहेत. खुर्ची सुटली तरी बसायची पद्धत सुटलेली नाही. त्यांनी आधी आजकालच्या पिढीवर बोलून घेतलं. मोबाइल झाला, व्यसनं झाली, संस्कार झाले. टकळी कठड्याला टेकून उभी होती. मी तिला केसांना निदान ओढणी गुंडाळ म्हटलं होतं. “का? केसांनी चोरी केली का?” असं म्हणून ती तशीच आली होती.

भावाने घसा खाकरला. कागदाची पुडी उघडून त्याने पिना दाखवल्या आणि अडखळत का होईना, सगळं नीट सांगितलं. आयुष्यात इतकं सलग तो पहिल्यांदाच बोलला असेल.

चेअरमनांनी ऐकून घेतलं. मग ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “पण तुम्हीच सांगत असता ना, तुमची मुलगी उघडते तेव्हा ओरखडा पडत नाही म्हणून? मला स्वतःला सांगितलंय तुम्ही.”

“मलापण,” काकू म्हणाल्या.

“मलासुद्धा,” मागून कुणीतरी म्हणालं. सांगितलंच होतं भावाने सगळ्यांना. एक मजला सोडला नव्हता.

भावाची जीभ पुन्हा टाळूला चिकटली. ‘ते मी कौतुकाने म्हणायचो,’ एवढं साधं वाक्य त्याला सुचलं नाही. मी म्हटलं, तर चेअरमन म्हणाले, “तुम्ही आत्या आहात, तुम्ही तसं म्हणणारच.”

तेव्हा टकळी पुढे झाली. “मी उघडून दाखवते,” ती म्हणाली. “दुकानातून नवं कोरं सिलिंडर आणा. कुठलं ते तुम्हीच निवडा. मी सगळ्यांसमोर उघडते, मग पिना काढा आणि भिंगातून बघा. ओरखडे दिसतील. माझेसुद्धा पडतात. सगळ्यांचे पडतात.”

पोर हुशार होती. पुरावा असा बिनतोड होता की न्यायालयातसुद्धा चालला असता. पण तिथे न्यायालय नव्हतं, आमची इमारत होती.

दुकानातून सिलिंडरच्या बंद डब्या वर आणल्या, चेअरमनांनी त्यांतली एक निवडली. स्टुलावर व्हाइस बसवला. टकळीने गुंडाळी सोडली, आकडा निवडला आणि मान कलती केली. मी तिच्या मागेच उभी होते. मी पुटपुटले, “सावकाश गं बाई. मुद्दाम जरा चूक.” तिने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. सोळाव्या वर्षी, सगळी इमारत आपल्याला चोर म्हणून बघत असताना, आपल्याला जे उत्तम येतं ते वाईट करून दाखवायचं, हे कुणाला सुचतं? तिला त्यांना दाखवायचं होतं. एकदा तरी ह्या लोकांनी तोंडात बोट घालावं असं तिला वाटत होतं.

खट् झालं. काकू पदर सारखा करत होत्या, तो सारखा होण्याआधी कुलूप उघडलं होतं.

गच्चीवरून एकच ‘आई गं!’ उठलं. टकळी हसली. मनापासून, दात दाखवून हसली. तिला वाटलं, ही दाद आहे.

“बघितलंत?” काकू किंचाळल्या. “डोळ्यांदेखत! अहो, हिला आमची घरं म्हणजे काड्यापेटी आहे!”

“भिंग, भिंग,” भाऊ म्हणत होता. त्याने सिलिंडर खोललं, पिना कागदावर ओतल्या, भिंग पुढे केलं. “ओरखडे आहेत. हे बघा ना. ही पिन बघा.” तो कागद घेऊन एकेकासमोर जात होता, आणि लोक मागे सरकत होते. एक चेअरमन तेवढे वाकले. भिंग त्यांनी उलट्या बाजूने धरलं होतं.

“मला काही दिसत नाही,” ते म्हणाले. “आणि बघायचं काय राहिलंय आता?”

मग त्यांनी मन मोठं केलं. पोलिसांत जायचं नाही, मुलीच्या जातीचं आयुष्य आहे, आपल्यालाही लेकीबाळी आहेत. अट एकच. ह्यापुढे मुलीने अवजारांना हात लावायचा नाही आणि वरच्या मजल्यांवर पाय ठेवायचा नाही. नाहीतर गाळा रिकामा करायचा.

“चालेल,” भाऊ म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की चेअरमनांची पुढची दोन वाक्यं वाया गेली.

खाली आल्यावर त्याने टकळीपुढे हात पसरला. तिने गुंडाळी दिली. त्याने ती लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला दुकानातलं सगळ्यांत जड कुलूप घातलं.

“बाबा, तुम्ही ओरखडे बघितलेत ना?” तिने विचारलं.

“बघितले.”

“मग?”

त्याने किल्ली खिशात टाकली. “तू सावकाश का नाही उघडलंस?” तो म्हणाला. “कुणी सांगितलं होतं तुला इतकं चांगलं उघडायला?”

मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. मोठी बहीण आहे मी, तो हक्क आहे माझा. पण डोळ्यांसमोर गाळा होता, मागच्या दोन खोल्या होत्या, आणि माझ्या वयाला दुसरं दार कोण उघडणार होतं? मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्यानंतर टकळी गप्प झाली. केसांचा निळा रंग उतरू लागला, तो तिने पुन्हा लावला नाही. भादरलेली बाजू वाढून कानावर आली. जिन्यात बसणं बंद झालं. तिच्या मित्रांच्या आयांनी ते आधीच बंद केलं होतं. शाळेतून आली की काउंटरच्या कोपऱ्यात बसून ती किल्ल्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. कुलूप दुरुस्तीला आलं की मान वळवायची. इमारत खूश झाली. “बघा, किती सुधारली,” येताजाता लोक मला सांगायचे. “वेळीच कान उपटला की असं होतं.”

एक दिवस काकू दुकानात आल्या, किल्ली कापून घ्यायला. हातात बांगड्या होत्या. त्याच.

माझी नजर गेली तशा त्या हसल्या. “अहो, गंमतच झाली. लेकीकडे जाताना मीच उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवल्या होत्या. साफ विसरले! उशी धुवायला काढली तर आत खडखड.”

मी यंत्र बंद केलं. “मग हे वर सगळ्यांना सांगितलंत का?”

“आता कशाला उगाच? विषय मिटलाय. चेअरमनांना सांगितलं मी. ते म्हणाले, जुनं उकरू नका.” मग त्या कोपऱ्याकडे बघून प्रेमाने म्हणाल्या, “आणि काही म्हणा, झालं ते बऱ्यासाठीच झालं. पोरीला वळण तर लागलं!”

टकळीने ते ऐकलं. हातातली चिठ्ठी तिने किल्लीवर चिकटवली, वाकडी लागली म्हणून सोडवली आणि पुन्हा लावली. भाऊसुद्धा तिथेच होता. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, आता तरी कपाट उघड. तो म्हणाला, “चेअरमनांनी सांगितलं की उघडतो.” चेअरमन कशाला सांगतात?

थोड्याच दिवसांनी भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला तिजोरीच्या कामाला गेला होता. दुपारची वेळ. जिन्यावरून काकू धावत आल्या, पायात चपला नाहीत. केराची पिशवी ठेवायला दाराबाहेर आल्या आणि मागे वाऱ्याने दार लागलं. आत लेकीकडून राहायला आलेला नातू, नुकताच चालायला लागलेला. किल्ली आत. गॅसवर तेल तापत ठेवलेलं. वर दोघंतिघं दाराला धडका देत होते, पण चोरीनंतर काकूंनी लोखंडी दार बसवून घेतलं होतं. त्याला धडका देऊन खांदेच मोडले असते.

मी भावाला फोन लावला. तो उचलेना.

“टकळे, चल गं बाई,” काकू तिचा हात ओढत म्हणाल्या. “तुला काय कठीण आहे? तू तर चुटकीसरशी उघडतेस!”

टकळी जागची हलली नाही. “माझे आकडे कपाटात आहेत,” ती म्हणाली. “बाबांनी कुलूप घातलंय.”

“मग ते उघड ना!” काकू ओरडल्या.

तिने माझ्याकडे बघितलं. मोठं कुणीतरी ‘हो’ म्हणावं म्हणून बघितलं. मी म्हटलं, “उघड. तुझ्या बापाला मी बघते.” माझ्या अंबाड्यातला आकडा उपसून तिच्या हातात दिला. काउंटरवरची तार तिने वाकवली आणि बापाचं सगळ्यांत जड कुलूप उघडलं. गुंडाळी घेतली आणि तिला बंदी असलेला जिना ती दोन दोन पायऱ्या गाळत चढली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा दाराखालून धूर येत होता आणि आतून मूल रडत होतं. टकळी गुडघ्यांवर बसली होती. ह्या वेळी मी काही पुटपुटले नाही. दार उघडलं, ती आत घुसली, गॅस बंद केला, कढई ओट्यावरून मोरीत ढकलली आणि पोराला काखेत मारून बाहेर आली. पोराला काही झालं नव्हतं. टकळीच्या मनगटावर तेल उडालं होतं, कातडी सोललेली दिसत होती. काकूंनी नातू हिसकावून घेतला आणि त्याला छातीशी धरून रडत बसल्या.

चेअरमन वर आले. त्यांनी दार बघितलं, कुलूप बघितलं, मग टकळीच्या हातातली गुंडाळी बघितली.

“ही कपाटात होती ना? वडिलांनी कुलूप लावून ठेवलेली?”

सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

“म्हणजे ही मुलगी मनात येईल तेव्हा बापाचं कपाट फोडू शकते,” ते म्हणाले. “आज चांगल्या कामाला फोडलं, मान्य. उद्याचं काय?”

मी म्हटलं, “अहो, पोर वाचलं! आणि बांगड्या उशीत होत्या, हे तुम्हाला माहीत आहे!”

“त्याचा इथे काय संबंध?” चेअरमन म्हणाले. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी नातवाच्या केसांत तोंड खुपसलं.

भाऊ परत आला तेव्हा चेअरमन दुकानातच बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. उपकार मानतो म्हणाले, पण अट ती अट, इमारतीत नाराजी आहे, गाळ्याचा विचार करावा लागेल. भाऊ उघड्या कपाटाकडे बघत होता. पोर कशी आहे हे त्याने विचारलं नाही. तिचा हात मी फडक्यात गुंडाळला होता, तो त्याच्या डोळ्यांसमोर होता.

“उद्यापासून ती इथे नसेल,” तो म्हणाला. “तिच्या मावशीकडे पाठवतो. शिकेल तिकडेच.”

चेअरमन समाधानाने उठले. जाताना त्यांनी टकळीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

ते गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, तो मेला असता.”

भाऊ कपाटाचं कुलूप हातात घेऊन उभा होता. “मेला असता,” तो म्हणाला. “पण त्यात तुझं नाव तरी आलं नसतं.”

टकळीने विचारलं, “तुम्हाला कधी वाटलं होतं का हो, की बांगड्या मी घेतल्या?”

“एकदाही नाही,” तो लगेच म्हणाला. खरंच म्हणाला. आपण तिला काहीतरी दिलं अशा चेहऱ्याने म्हणाला.

तेव्हा ती रडली. गच्चीवर रडली नव्हती, हात भाजल्यावर रडली नव्हती. बापाला वाटलं, पोरीचं मन हलकं होतंय. त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. मी माझ्या भावाला लहानाचा मोठा केलाय, आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली.

सकाळी ती एक पिशवी घेऊन गेली. गुंडाळी काउंटरवर ठेवून गेली. भावाने बसथांब्यापर्यंत पोचवतो म्हटलं, तर नको म्हणाली. सुट्ट्या आल्या, गेल्या. ती आली नाही, फोनही करत नाही. मावशीने फोन हातात दिला तर ‘बरी आहे’ म्हणते आणि परत देते.

परवा काकू नातवाला कडेवर घेऊन किल्ली कापायला आल्या होत्या. पोर मस्त गुटगुटीत झालंय. काकूंनी इकडेतिकडे बघितलं, विचारलं, टकळी सुट्टीतसुद्धा आली नाही का? मी म्हटलं, नाही.

त्यांनी हळहळून मान हलवली. “आजकालच्या पोरांना घराची ओढच नसते हो. बाप एकटा झुरतोय, त्याचं काही आहे का?”

माझा कानांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, “काय म्हणालात? पुन्हा म्हणा.”

त्या पुन्हा म्हणाल्या.